बारमधला चखना आपल्या दस्तरखानावर : लॉलीपॉपच्या प्लेटमध्ये नेमकं असतं काय?

मगरिबची नमाज झाली की आमच्या मोहल्ल्याच्या नाक्यावर चायनीजच्या गाड्यांच्या कढया तापायला लागतात. लालभडक लॉलीपॉपचे ढीग, शेजारी शेजवान चटणीचा डबा, वर एक पिवळा बल्ब. शनिवारी तर उभं राहायला जागा नसते. पार्सल घ्यायला आलेल्यांत कॉलेजची पोरं असतात, तशीच बुरख्यातल्या आया आणि नातवाचं बोट धरून आलेले आजोबाही असतात. आमच्या घरीही कित्येक वर्षं शनिवारी 'दोन फुल लॉलीपॉप, एक सिक्स्टी फाइव्ह' हे ठरलेलं होतं.

मग मागच्या वर्षी अब्बांचं ब्लड प्रेशर काही केल्या खाली येईना. गोळी बदलून झाली. अम्मीने सालनमधलं मीठ निम्म्यावर आणलं, लोणचं-पापड बंद केले, आणि त्यापायी रोज जेवताना अब्बांची बोलणीही खाल्ली. तरी मशीनवरचा वरचा आकडा दीडशेच्या पुढेच. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "चाचा, बाहेरचं काय खाता?" अब्बा म्हणाले, "काही नाही, आठवड्यातनं एक-दोनदा चिकन. चिकन तर चांगलंच असतं ना?"

तो 'चिकन तर चांगलंच असतं ना' हा प्रश्न घेऊन मी आणि माझा धाकटा भाऊ स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसलो. या लेखातला बराचसा हिशेब तिथलाच आहे.

हे पदार्थ आले कुठून?

आधी थोडा इतिहास, कारण त्याचा पोषणाशी संबंध आहे. चिकन सिक्स्टी फाइव्हचा जन्म मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, माउंट रोडवरच्या बुहारी हॉटेलातला मानला जातो. ए. एम. बुहारी यांनी सुरू केलेलं हे हॉटेल, आणि पदार्थ मेन्यूवर आला तो 1965 साली, म्हणून नाव सिक्स्टी फाइव्ह. 65 मिरच्या घालतात म्हणून, 65 दिवसांची कोंबडी वापरतात म्हणून, मेन्यूत 65 व्या नंबरवर होतं म्हणून, अशा गोष्टीही सांगतात. त्या चवीने ऐकाव्यात आणि सोडून द्याव्यात. पुढे दक्षिणेतल्या बारमध्ये हा पदार्थ असा काही रुळला की अनेकांना तो बारचाच वाटतो. एका मुस्लिम खानदानाच्या हॉटेलातून निघून, बारची वारी करून तो आपल्या दस्तरखानावर परत आला आहे.

त्याच्या एकच वर्ष आधी, 1964 मध्ये, अमेरिकेतल्या बफेलो शहरात अँकर बार नावाच्या बारमध्ये टेरेसा बेलिसिमो या बाईंनी कोंबडीचे पंख तळून, तिखट सॉस आणि बटरमध्ये घोळून दिले, अशी तिथली हकीकत. तोपर्यंत पंख म्हणजे सूपच्या पाण्यात टाकायची स्वस्त वस्तू. आज अमेरिकेत फुटबॉलच्या सुपर बोलच्या दिवसांत 140 कोटींहून जास्त पंख फस्त होतात असा तिथल्या चिकन उद्योगाचा अंदाज आहे. आपलं लॉलीपॉप म्हणजे त्याच पंखाचा खांद्याकडचा तुकडा. मांस एका टोकाला ढकलून गोळा करायचं आणि हाडाचा दांडा करायचा. मुंबईच्या चायनीज स्वयंपाकघरांतून ते गल्लोगल्लीच्या परमिट रूममध्ये आणि तिथून गाडीवर आलं.

आता बारवाल्याला खाण्याचा पदार्थ कशासाठी हवा असतो? ग्लास रिकामा व्हावा म्हणून. खारट आणि तिखट खाल्लं की घसा कोरडा पडतो, माणूस पुन्हा ऑर्डर देतो. म्हणून तर बारमध्ये खारे शेंगदाणे फुकट मिळतात! चखन्याच्या रेसिपीत मीठ जास्त असतं ते आचाऱ्याच्या चुकीने नाही. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. आपण तो पदार्थ घरी आणला, दारू बाहेरच ठेवली, अल्हम्दुलिल्लाह. पण रेसिपीतली तहान मात्र पार्सलसोबत आली, आणि ग्लासाच्या जागी दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली येऊन बसली.

काट्यावरचा हिशेब

भावाने अर्धा किलो लॉलीपॉप आणले, साधारण बारा नग. आपल्याकडचा चिकनवाला कातडी सोलूनच देतो, ही एक चांगली गोष्ट. बफेलोवाल्यांच्या पंखाला कातडी असते आणि चरबी तिथेच भरलेली असते. कातडीसकट कच्च्या पंखात 100 ग्रॅमला 13 ग्रॅमच्या आसपास चरबी निघते, कातडी काढली की तीच 3 ते 4 ग्रॅमवर येते. म्हणजे आपलं लॉलीपॉप कढईत जाईपर्यंत अगदी सज्जन असतं. 100 ग्रॅम मांसाला 125 कॅलरीच्या आसपास आणि प्रोटीन 22 ग्रॅम.

एका नगात हाड सोडून 25 ग्रॅम मांस धरा. सहा नगांची प्लेट म्हणजे दीडशे ग्रॅम मांस, 190 कॅलरी आणि प्रोटीन 33 ग्रॅम. हे प्रोटीन उत्तम दर्जाचं आहे, यात वादच नाही. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरेसं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. दहा-बारा वर्षांच्या मुलाला 32 ग्रॅम. एका प्लेटमध्ये पोराचं दिवसभराचं प्रोटीन आलं! सोबत नायसिन आणि बी-6 ही जीवनसत्त्वंही येतात. अब्बांचा मुद्दा इथपर्यंत बरोबर होता.

गडबड पुढे आहे. अर्धा किलोला तीन चमचे मैदा आणि तीन चमचे कॉर्नफ्लोअर लावलं, म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास. प्लेटमागे 25 ग्रॅम पीठ, त्याच्या 90 कॅलरी. तळताना प्रत्येक नग तीन-चार ग्रॅम तेल पितो असं धरलं तर प्लेटमागे 20 ते 24 ग्रॅम तेल, त्याच्या दोनशेच्या आसपास कॅलरी. वर तेलात परतलेली शेजवान चटणी दोन चमचे. झालं, 190 ची प्लेट साडेपाचशेवर गेली. 'ड्राय' न मागता 'मसाला' किंवा 'ग्रेव्ही' मागितलं तर कढईत आणखी डावभर तेल पडतं, मग सातशे धरून चाला. चिकन तेवढंच, प्रोटीन तेवढंच, कॅलरी तिप्पट.

तेल किती जिरलं हे कुणालाही घरी बघता येतं. तळायच्या आधी तेलासकट कढई काट्यावर ठेवा, तळून थंड झाल्यावर पुन्हा ठेवा. जो फरक येईल तो तुमच्या पोटात. (गरम कढई काट्यावर ठेवू नका, काटा आणि हात दोन्ही जातील.)

एक गोष्ट मला या निमित्ताने नवीन कळली. तेल आत शिरतं ते मुख्यतः तळताना नाही, तर बाहेर काढल्यानंतर. कढईत असताना आतलं पाणी वाफ होऊन जोरात बाहेर येत असतं, ती वाफ तेलाला आत येऊ देत नाही. नग बाहेर काढला, थंड व्हायला लागला, वाफेचा जोर संपला, की पृष्ठभागावरचं तेल भोकांतून आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यातून काढल्या काढल्या दोन-तीनदा झटकायचं आणि जाळीवर निथळत ठेवायचं. आपण करतो काय, तर एकावर एक ढीग घालतो. मग खालचे नग वरच्यांचं तेल पितात. आणि तेल नीट तापलेलं हवं, 170 ते 180 अंश. कोमट तेलात टाकलं तर नग जास्त वेळ आत राहतो, कुरकुरीत होत नाही आणि तेलकट होतो. तेल वाचवायला मंद आचेवर तळणाऱ्या आमच्या खालाला हे पटवणं अवघड गेलं.

खरी मेख मिठाची

आता अब्बांच्या प्रेशरकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. सपाट छोटा चमचा, बस्स. आणि हे सगळं मिळून: सालन, रोटी, बिस्किट, चटणी, सगळं.

भावाने यूट्यूबवरच्या पद्धतीप्रमाणे अर्धा किलोला काय काय घातलं ते लिहून ठेवलं. मीठ एक छोटा चमचा, म्हणजे 6 ग्रॅम. सोया सॉस दीड मोठा चमचा. एका मोठ्या चमच्यात सोडियम 900 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दीड चमच्यात 1350, आणि मिठाच्या भाषेत साडेतीन ग्रॅमच्या जवळ. अजिनोमोटो, ज्याला गाडीवाले 'टेस्टिंग पावडर' म्हणतात, अर्धा चमचा, त्यातून मिठाचा अर्धा-पाऊण ग्रॅम. बेरीज करा: 10 ग्रॅम. बारा नगांत दहा ग्रॅम, सहा नगांत पाच.

दिवसभराचा कोटा एका प्लेटमध्ये खलास! थोडा मसाला भांड्याला चिकटून राहतो हे खरं, पण वरून शेजवान चटणी येते, तिच्यातही मीठ असतंच. म्हणजे हिशेब फिरून तिथेच. अम्मी आठवडाभर सालनमधलं चिमूट-चिमूट मीठ कमी करत होती, आणि शनिवारी तासाभरात सगळं भरून निघत होतं. अब्बांच्या 'एक-दोनदा'चा खरा अर्थ तीनदा होता, हे नंतर गाडीवाल्याकडूनच कळलं. तो भाग घरगुती आहे, इथे सोडून देते.

हे मीठ लपतं कसं? तिखटामुळे आणि आंबटामुळे. जिभेला मिरची झोंबते, व्हिनेगर लागतं, लसूण लागतो, आणि खारटपणा मागे सरतो. तेवढंच मीठ डाळीत घातलं तर पहिल्याच घासाला थाळी परत जाईल. मिठातलं सोडियम रक्तात वाढलं की मेंदू तहानेचा इशारा देतो, शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि प्रेशर चढतं. ज्यांना आधीच बीपी आहे, किडनीचा त्रास आहे, हृदय कमजोर आहे, त्यांच्यासाठी हा चवीचा प्रश्न उरत नाही. आणि लहान मुलांना तर मिठाची मर्यादा मोठ्यांपेक्षाही कमी. आठ वर्षांच्या पोराने चार लॉलीपॉप खाल्ले तर कौतुकाने 'खातंय बिचारं' म्हणताना हा आकडा डोक्यात असू द्या.

तहानेवर उतारा म्हणून जे येतं त्याचाही हिशेब सांगते. कोलाच्या 250 मिलीच्या ग्लासात साखर 26-27 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. चहात कुणी एवढी घातली तर आपण कप फेकून देऊ.

अजिनोमोटोबद्दल मात्र माझं मत बदललं. आपल्याकडे त्याला जवळजवळ जहर ठरवून टाकलंय. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळापासून ही चव वेगळी काढली. ग्लुटामेट टोमॅटोतही असतं. साध्या मिठात सोडियम 39 टक्के, अजिनोमोटोत 12 टक्के. नेहमीच्या प्रमाणात ते मोठ्या माणसांना घातक असल्याचं सिद्ध झालेलं नाही. बारा महिन्यांखालच्या बाळांना मात्र ते देऊ नये, तशी सूचना पाकिटावर छापण्याचा नियम आपल्याकडे आहे. गाडीवर 'अजिनोमोटो मत डालो' असं बजावून सांगणारे आपण, सोया सॉसच्या दोन पिचकाऱ्यांकडे बघतसुद्धा नाही.

तिखटाचं काय?

मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ जिभेवरच्या त्याच संवेदकाला चिकटतो, जो गरम चटक्याची जाणीव देतो. म्हणून तिखट ही तशी चवच नाही, ती भाजल्याची भावना आहे. हा संवेदक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून पाणी किंवा कोल्ड्रिंक पिऊन आग फक्त तोंडभर पसरते. दूध, दही, ताक यांतलं केसिन प्रोटीन मात्र त्याला धरून घेतं. लॉलीपॉपसोबत दह्याची चटणी किंवा ताक ठेवलं तर पोरं कोल्ड्रिंक मागायची निम्मी कमी होतात, हा आमचा अनुभव.

मिरचीने प्रेशर वाढतं असा एक समज आहे. दोष मिठाचा, नाव मिरचीचं! पण ज्यांना ॲसिडिटी, अल्सर किंवा मूळव्याधीचा त्रास आहे त्यांना तिखट सोसत नाही, आणि रात्री उशिरा खाऊन लगेच आडवं झालं तर जळजळ ठरलेली.

तो लाल रंग

मिरचीने चिकन तांबूस होतं. गाडीवरचं लॉलीपॉप असतं तसं नारिंगी-लाल, बोटांना चिकटून राहणारं, साबणानेही न निघणारं, ते मिरचीने होत नाही. कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने 2024 मध्ये कबाबांचे 39 नमुने तपासले, त्यातले 8 असुरक्षित निघाले. त्यांत सनसेट यलो आणि कार्मोइसिन हे कृत्रिम रंग होते. जून 2024 मध्ये कर्नाटकाने चिकन कबाब, मासे आणि शाकाहारी कबाबांतही कृत्रिम रंग घालायला बंदी केली. आधी मार्चमध्ये गोबी मंचुरियनबाबत आणि रंगीत कॉटन कँडीबाबत असाच निर्णय झाला होता, तिथे तर रोडामाइन-बी, म्हणजे कापड रंगवायचा रंग, सापडला होता. देशाच्या नियमांनुसारही कृत्रिम रंग काही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेतच चालतात. गाडीवाला चिमटीने टाकतो तेव्हा मर्यादा कोण मोजतं?

घरी रंग हवा तर काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची आहे. रात्रभर पाण्यात भिजवून वाटा. तिखट कमी, रंग भरपूर.

तेल आणि स्वच्छता

कढईतलं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात नको ती संयुगं साठत जातात. एफएसएसएआयने त्याची मर्यादा घातली आहे: तेलातली एकूण पोलर संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यावं लागतं. नाक्यावरची गाडी त्यात बसत नाही, तिथे तपासनीस आपणच. तेल काळपट आणि घट्ट दिसतंय, वर फेस धरतोय, नीट तापायच्या आत धूर सोडतंय, वासाने घसा धरतोय, तर सलाम करून पुढे जावं. घरी एकदा तळलेलं तेल गाळून ठेवा आणि दोन-चार दिवसांत फोडणीत संपवा, पुढच्या शनिवारी पुन्हा तळायला नको.

दुसरी गोष्ट अर्धं तळून ठेवण्याची. गर्दीत पटापट देता यावं म्हणून नग दुपारीच एकदा तळतात आणि ऑर्डर आली की दुसऱ्यांदा तेलात सोडतात. पद्धत वाईट नाही, पण मधले चार-पाच तास ते उघड्या परातीत, उन्हाळ्याच्या हवेत असतील तर जंतूंना ती मेजवानीच. 5 ते 60 अंशांच्या मध्ये चिकन दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. हाडाजवळचं मांस आतून 74 अंशांपर्यंत तापलं पाहिजे. काटा नसेल तर जाड भाग मोडून बघा, निघणारा रस स्वच्छ हवा. हाडाजवळ थोडा तांबूस रंग राहिला म्हणजे ते कच्चंच आहे असं नाही, रस बघा.

हलालचा प्रश्न, जिथे तो खरोखर येतो

फतवा देणं माझं काम नाही, ते उलेमांना विचारावं. पण पदार्थ बारच्या स्वयंपाकघरातून येत असेल तर काय विचारायचं हे माहीत असावं. ॲपवरून मागवताना नावाखाली बारीक अक्षरांत 'बार अँड रेस्टॉरंट' लिहिलेलं असतं, ते पोरं बघत नाहीत. चिकन हलाल आहे का, एवढाच प्रश्न आपण विचारतो. चायनीज स्वयंपाकात काही सॉसमध्ये राईस वाइन पडते, हेही विचारायला हवं. परदेशात शिकायला गेलेल्या मुलांसाठी तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: ज्या तेलात चिकन विंग्ज तळतात, त्याच तेलात डुकराच्या मांसाचे पदार्थ तळतात का? तिकडच्या बारमध्ये एकच फ्रायर असणं अगदी साधी गोष्ट आहे. विंग्जवरचा बफेलो सॉस म्हणजे मिरची, व्हिनेगर आणि बटर, पण बार्बेक्यू सॉसच्या काही प्रकारांत दारू घातलेली असते. बाटली उलटून घटक वाचायची सवय मुलांना इथूनच लावून पाठवा.

रमजानमध्ये

इफ्तारच्या दस्तरखानावर आता भज्यांच्या शेजारी लॉलीपॉप येऊन बसलाय. तेरा-चौदा तासांच्या रोज्यानंतर शरीराला पाणी हवं असतं, आणि आपण पहिल्यांदा मीठ आणि तेल देतो. खजूर, पाणी, थोडं फळ घेऊन मगरिब पढून यावी, मग दोन नग खाल्ले तर ते जेवणात धरले जातात. सहरीला मात्र रात्रीचे उरलेले लॉलीपॉप गरम करून खाऊ नका. त्या मिठाची तहान दुपारी दोन वाजता गाठते, तेव्हा इलाज नसतो.

आमच्या घरी आता काय होतं

लॉलीपॉप बंद झालेलं नाही. बंद करून बघितलं होतं, तीन आठवड्यांत अब्बा 'जरा फिरून येतो' म्हणून रोज नाक्यावर जायला लागले. त्यापेक्षा हे बरं.

अर्धा किलोला मीठ अर्धा छोटा चमचा. सोया सॉस एकच छोटा चमचा, वासापुरता. ज्या दिवशी चटणी घरची असेल त्या दिवशी तोही नाही. आलं-लसूण भरपूर, भिजवून वाटलेली ब्याडगी, काळी मिरी, दोन चमचे घट्ट दही आणि एका लिंबाचा रस. आंबटपणा वाढवला की मीठ कमी पडल्याचं कळत नाही, बारवाल्याचीच युक्ती उलटी फिरवली. पीठ दोन चमचे, फक्त हात फिरवण्यापुरतं. दोन तास फ्रिजमध्ये ठेवायचं. मग जाड तव्यावर दोन छोटे चमचे तेल सोडून, झाकण ठेवून, उलटत-पालटत वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी झाकण काढून आच मोठी करायची म्हणजे कड कुरकुरीत होते. ओव्हन किंवा एअर फ्रायर असेल तर त्यातही होतं. अशा सहा नगांच्या प्लेटमध्ये अडीचशेच्या आसपास कॅलरी येतात, प्रोटीन तेच 33 ग्रॅम, मीठ निम्म्याहून कमी. तळलेल्याची सर येते का? नाही येत. खोटं कशाला सांगू. पण गरम असताना, कांदा-लिंबासोबत, दहापैकी सात मार्क मिळतात.

ज्यांना गाडीवरचंच हवं त्यांच्यासाठी भावाची पद्धत: हाफ प्लेट, ड्राय, चटणी वेगळी, सोबत काकडी आणि पत्ताकोबी घरची. फ्राइड राइस सोबत घेतला तर त्यातही सोया सॉस असतो, तेव्हा त्याऐवजी घरच्या रोट्या. अब्बांचं प्रेशर गोळी तीच ठेवून तीन महिन्यांत 130 च्या घरात आलं. त्यात फजरनंतरच्या चालण्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय मी लॉलीपॉपला देणार नाही. आणि ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी ती हा लेख वाचून आपल्या मनाने कमी करू नये, डॉक्टरांना विचारूनच काय ते करावं.

मागच्या महिन्यात मी गाडीवाल्या भाईंना म्हटलं, "भाई, आमच्या प्लेटला कलर टाकू नका." त्यांनी जरा बघितलं आणि म्हणाले, "बाजी, कलर के बिना गिऱ्हाईक बोलतंय कच्चा है." तरी त्यांनी आमचे सहा नग वेगळ्या वाटीत कालवले. घरी आल्यावर पुडा उघडला, तपकिरी लॉलीपॉप बघून माझी पाच वर्षांची भाची म्हणाली, "हे शिजलं नाहीये." अब्बांनी एक उचलला, खाल्ला आणि तिला दुसरा दिला.